इंगळे गुरुजींचं चौथं पान

आधी नाव लिहितो. मागे ठेवलं तर ते माझ्या हातून पुन्हा राहून जाईल — माझा मला भरवसा नाही. किसन इंगळे, इंगळे गुरुजी. देऊळगाव राजाच्या पलीकडे एका गावात मिशनची चौथीपर्यंतची शाळा होती, तिथले शिक्षक. आणि त्यांच्या पत्नी, वत्सलावहिनी. आज मी चार ओळी सरळ लिहू शकतो त्या गुरुजींमुळे, आणि त्या लिहायला जिवंत आहे तो दोघांमुळे.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. दर महिन्याला पापकबुलीला गुडघे टेकतो, तिथेही नाही. तिथे मी एवढंच म्हणतो — फादर, मी खोटं बोललो. कोणतं, कुणाबद्दल, ते मी सांगत नाही. मुलं चोरून खातात तसलं काहीतरी असेल असं समजून फादर तीन प्रार्थना म्हणायला सांगतात. मी म्हणतो. उठतो. गुडघ्यावरची धूळ झटकतो.

मी वसईकडचा. घरी केळीची वाडी, तीही दुसऱ्याची, कसायला घेतलेली. सातवीत होतो तेव्हा वडील विहिरीवर रहाट दुरुस्त करताना पडले आणि कमरेतून गेले. शाळा तिथेच संपली. पुढे पाच-सहा वर्षं वाडीला पाणी लावलं. मग कुणीतरी सांगितलं की बुलढाणा जिल्ह्यात एका मिशनला लोकांना प्रार्थना आणि धर्म शिकवायला मुलगा हवाय, अक्षर बरं असलेला. अक्षर माझं बरं होतं. तेवढ्या भांडवलावर निघालो. महाराष्ट्र होऊन दोन-एक वर्षं झाली होती. मला वाटलं, एकाच राज्यात तर जायचंय, मराठीच तर बोलतात.

उतरलो आणि निम्मं कळेना. मले, तुले, काऊन. मी बोललो की पोरं हसायची, ती बोलली की मी घाबरायचो. समुद्र नाही, मासळी नाही, भात सणावारी. आणि सगळे मला म्हणत ‘मास्तर’. मी मागे वळून बघायचो, कोण मास्तर आलाय म्हणून. एकच धास्ती सदाची — कुणीतरी विचारेल, मास्तर, तुमी किती शिकले? आणि फादर मला परत पाठवतील. परत जाऊन काय सांगणार होतो मी घरी?

पहिल्याच हिवाळ्यात मला मुदतीचा ताप आला. मिशनची इमारत म्हणजे शाळेचे दोन वर्ग, प्रार्थनेचं एक छोटं देऊळ आणि मागे खोल्या. माझ्या खोलीला लागून गुरुजींची खोली. त्यांनी मला उचलून आपल्याकडे नेलं. एकवीस दिवस. त्यांची लहान मुलगी त्या एकवीस दिवसांत शेजाऱ्यांकडे निजत होती, कारण तिच्या जागेवर मी होतो. भाकर माझ्या घशाखाली उतरत नाही हे वहिनींनी कधी ओळखलं कोण जाणे. त्या ज्वारी भरडून कण्या शिजवायच्या, अगदी मऊ, आणि म्हणायच्या, “घ्या भाऊ, डोळे झाका अन् भातच हाय समजा.” मी डोळे झाकायचो. भातच वाटायचा.

गुरुजी दीक्षा घेतलेले. घरात बुद्धाची तसबीर. देव मानत नाही, हे ते लपवत नसत आणि गावभर ओरडतही नसत. मिशनने त्यांना ठेवलं होतं ते गरजेपोटी — सरकारी मान्यतेला ट्रेनिंग झालेला शिक्षक लागतो, आणि आमच्यातला तसा कुणी त्या बाजूला यायला तयार नव्हता.

माझं काम संध्याकाळचं. बाप्तिस्म्याची तयारी करणारी पंधरा-वीस माणसं शेतातून येऊन वर्गात बसत आणि मी त्यांच्याकडून धर्माची प्रश्नोत्तरी पाठ करून घेई. पण आमचे फादर बर्नार्ड नुसत्या पाठांतराने खूश होणारे नव्हते. भला माणूस, शिकलेला. म्हणायचे, देवाने बुद्धी दिली ती गहाण टाकायला नाही. देव आहे हे माणसाला विचार करूनही कळू शकतं, असं आपलं चर्चच शिकवतं. लोकांना कारणं द्या. त्यांनी मला एक जुनी वही दिली. तिच्यात पहिलंच कारण होतं घड्याळाचं. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी आहे, तसं जग आहे म्हणजे जगाचा कर्ता आहे.

मी ते खणखणीत म्हणून दाखवलं. कौतिकाबाई नावाची एक म्हातारी पुढेच बसायची. ती म्हणाली, “मास्तर, घड्याळ म्हंजे ते फादरच्या हाताले बांधेल हाय ते? म्या त ते कानाशी लावून बी नाही पाह्यलं. ते कोनं केलं, मले काय ठाव बापा?” सगळे हसले. हसण्यात मागून एका तरुणाचा आवाज आला, “बरं, सारं देवानं केलं. मंग देवाले कोनं केलं?”

मी म्हणालो — असं विचारणं पाप आहे.

हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी त्या माणसाला पापी ठरवला. तो पुन्हा शिकवणीला आला नाही. पण आज ती कबुली देण्यासाठी मी बसलेलो नाही. ती लहान.

भिंतीपलीकडून गुरुजींनी ऐकलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा ते ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीसाठी शाईच्या पुड्या बाटलीत कालवत होते. “काऊन बे इनास,” ते म्हणाले, “येत नाही त येत नाही म्हन ना. पाप काऊन सांगून राह्यला लोकायले?” मी रडकुंडीला आलो होतो. म्हणालो, गुरुजी, ईस्टरला फादर या लोकांची परीक्षा घेणार आहेत. ती खरं तर माझीच परीक्षा आहे. ते बाटली हलवत राहिले. मग म्हणाले, “बस.”

आणि त्यांनी मला विस्तवाची गोष्ट सांगितली. त्यांची माय. काडीपेटी घरात नसायची तेव्हाची. सकाळी चूल पेटवायची तर विस्तव मागून आणायचा. यांच्या हाताला कोण देणार? माय लांब उभी राहायची, खापरी जमिनीवर ठेवायची, मागे सरायची, मग कुणी वरून निखारा टाकला तर टाकला. लहानपणी ते मायबरोबर जायचे आणि परत येताना विचारायचे — माय, यायच्या घरी विस्तव कुठून आला? शेजारून. शेजारी कुठून? त्यायच्या शेजारून. “मले तवाच समजलं,” गुरुजी म्हणाले, “सारी गल्ली उसनाच विस्तव आनते म्हटलं, त कितीबी लांब गल्ली असो, विस्तव येनार नाही. उसन्याच्या रांगेनं विस्तव पैदा होत नाही. कुठंतरी कोनाचा तरी आपला असावाच लागते. तुह्या लोकायले हे सांग. जे जे दिसते ते ते उसनं जगून राह्यलं. मंग ज्याचं उसनं नाही असं काही आहे का? अन् त्याले कोनं केलं, हे विचारनं म्हंजे ज्याचा आपला विस्तव आहे त्याले तू कोनाकडून मागून आनला, असं विचारनं झालं.”

तुम्हाला कसं सांगू? मी जन्मापासून ख्रिस्ती. देव आहे हे मी कधी तपासलंच नव्हतं; आजी होती तसा देव होता. त्या ओट्यावर मला पहिल्यांदा ते पटलं. डोक्याला पटलं. आणि पटवून दिलं कुणी? न मानणाऱ्यानं.

मी विचारलंही — गुरुजी, तुम्ही तर मानत नाही. ते म्हणाले, “मी नाही मानत. पन ज्याले मानाचं आहे, त्याच्या हाती लुळं कारन काऊन द्यावं? शिकवनाऱ्याले काही लाज असते का नाही?”

दोन संध्याकाळी बसून त्यांनी मला ते लिहून दिलं. शाळेच्या वहीचे कागद, चार पानं. तीन पानांत मायची गोष्ट, उसन्याची रांग, आणि लोक काय काय उलटं विचारतील, त्याला काय सांगायचं. चौथं पान वेगळं होतं. ते मला पाठ आहे. इथवर जे सिद्ध झालं ते एवढंच की कुणीतरी पहिला असावा. तो दयाळू आहे, तो आपलं ऐकतो, हे यातून निघत नाही. ते ज्याला मानायचं त्याने आपल्या जबाबदारीवर मानावं. आणि इतकं ऐकूनही जो म्हणेल की मला पटत नाही, त्याला मूर्ख समजू नये, वाईट तर मुळीच समजू नये. त्यानेही विचारच केला आहे.

ईस्टरला फादर बर्नार्ड आले. कौतिकाबाईने त्यांना विस्तवाची रांग सांगितली — आपल्या शब्दांत, आपल्या गल्लीतली नावं घालून. फादरांनी मला बाजूला नेऊन विचारलं, हे कुठलं? कुठल्या पुस्तकातलं?

मी म्हणालो, “विचार केला, फादर.”

कुणी केला ते म्हणालो नाही. वाक्यात कर्ता ठेवलाच नाही. फादरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या गावात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात मला कुणी शाबासकी दिली नव्हती. म्हणाले, लिहून दे, आपण छापू. सातवी सोडलेल्या पोराचं लिखाण छापणार!

मी गुरुजींची पानं समोर ठेवून माझ्या बऱ्या अक्षरात उतरवली. ‘माझी माय’ होतं तिथे ‘माझी आई’ केलं. बघा हं — माझ्या आईला विस्तव मागायला कधी जावं लागलं नाही. तिच्यासाठी कुणी वरून निखारा टाकला नाही. एका बाईने आयुष्यभर जे सोसलं ते मी उचललं आणि माझ्या आईच्या नावावर घातलं, एक शब्द बदलून. गल्लीत लांब का उभं राहायचं, ते वाक्य काढलं. ते राहिलं असतं तर कुणाची माय ते कळलं असतं. आणि चौथं पान घेतलंच नाही. मनाशी म्हणालो, ते वाचून लोकांचा गोंधळ होईल. खरं कारण — त्या पानावर तो माणूस पुरा दिसत होता.

पुस्तिका निघाली. वर माझं नाव. प्रती आधी मिशनच्या दुसऱ्या केंद्रांना गेल्या. माझ्याकडे आलेला गठ्ठा मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला. रोज गुरुजींच्या ओट्यावर बसत होतो, कण्या खात होतो, आणि बोललो नाही.

इथवरही ठीक होतं असं म्हणता आलं असतं. गुरुजींना नाव नकोच होतं, असंही मी स्वतःला सांगितलं. पण पावसाळा संपता संपता वरून मोठे फादर आले. आमच्यातला ट्रेनिंग झालेला एक शिक्षक आता त्या गावी यायला तयार झाला होता. आणि एक तक्रार होती, कुणी केली ते मला आजही ठाऊक नाही, की शाळेतला शिक्षक देव नाही म्हणतो आणि शिकवणीची माणसं त्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. जात होती. कौतिकाबाईच सर्वांत जास्त. काय विचारायला जायची? मास्तरले जे येत नाही ते.

ऑफिसच्या खोलीत मोठे फादर, फादर बर्नार्ड, आणि दाराशी मी. दुपारची वेळ. पलीकडे गुरुजी तिसरीला पाढे म्हणवून घेत होते, ते ऐकू येत होतं. मोठ्या फादरांनी मला विचारलं, तू त्यांच्या शेजारी राहतोस. ते देव मानतात का?

मी म्हणालो, “नाही, फादर.”

हे खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं मी खरं बोलून बोललो.

मग फादर बर्नार्ड म्हणाले — आणि ते म्हणताना त्यांना वाईट वाटत होतं, हे मी पाहिलं — “आपल्या लोकांच्या श्रद्धेला त्यांनी कधी धक्का लावलाय का, इनास? तू सांग. तू म्हणशील तसं.”

तू म्हणशील तसं! एका वाक्याचं काम होतं. फादर, ती पुस्तिका त्यांचीच आहे. बस्स. मोठे फादर तिथेच थांबले असते. गुरुजींची नोकरी, खोली, मुलीची शाळा, सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि जिभेवर आणखी एक होतं — मग तू कोण? मग तू किती शिकलास? मग तू वसईला परत जा.

मी खाली बघितलं.

मोठ्या फादरांनी टेबलावरची पुस्तिका उचलली. म्हणाले, इकडे एक साधा मुलगा आपल्या बुद्धीने देवापर्यंत पोचतो, आणि तिकडे शिकला-सवरलेला शिक्षक म्हणतो देव नाही. असा माणूस मुलांपुढे कसा उभा करायचा? त्यांनी पुस्तिका माझ्याकडे दाखवली. गुरुजींना गुरुजींच्याच शब्दांनी हाकललं, आणि मी ते बघत उभा होतो. फादर बर्नार्ड खिडकीबाहेर बघत होते. पाढे चालू होते.

पुष्कळदा विचार करतो. देव आहे, हे मला कारणांनिशी पटलेलं होतं. म्हणजे त्या खोलीतही तो होता, हे मला मान्य होतं. मग मी कुणाला घाबरलो? दोन फादरांना? जो आहे म्हणतो त्याच्यादेखत गप्प राहतो, आणि जो नाही म्हणतो तो न पटलेल्या गोष्टीचीही बाजू चोख मांडून देतो — मग मानणारा कोणता? ह्याचं उत्तर त्या तीन पानांत नाही. मी शोधलं.

महिन्याने त्यांनी सामान काढलं. जळगाव जामोदकडे वहिनींचं माहेर होतं, तिकडे जाणार होते. मी सामान बैलगाडीवर चढवायला गेलो. हो, गेलो. ट्रंकेचं एक टोक गुरुजींनी धरलं, एक मी. ते म्हणाले, “तुमच्या फादरचा बी इलाज नसन. त्यायले त्यायचा मानूस भेटला.” ऑफिसच्या खोलीत काय झालं होतं ते त्यांना माहीतच नव्हतं. वहिनी गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “भाऊ, येळंवर जेवत जा. नाहीतर पुन्हा पडसान आजारी.” मुलीने हात हलवला. मीही हलवला.

पुढे ऐकलं, दुसरी शाळा मिळेना. जुन्या शाळेने का सोडलं ते सगळे विचारत. दोन हंगाम ते कापसाच्या जिनिंगवर हमाली करत होते. पाढे म्हणवून घेणारा माणूस.

आणि मी वाढलो. मला तीन केंद्रांचा मुख्य केला, लग्न झालं. पुस्तिका कुठे कुठे गेली. लोक मला भेटून म्हणत, तुमच्या आईची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी मान लववायचो. एकदा वसईला गेलो तर आईच म्हणाली, अरे, मी कधी गेले होते रे विस्तव मागायला? मी म्हणालो, आई, दृष्टांत असतो तो. तिने पुस्तिका नंतर कधी हातात घेतलेली मी पाहिली नाही.

तरी सर्वांत वाईट अजून राहिलंय. सहा वर्षांनी मिशनच्या कामाने लोणारला गेलो होतो. मोटार स्टँडवर उभा होतो, तर पाठीवर थाप. गुरुजी! केस पिकलेले, हात खरबरीत. कुणाच्या तरी लग्नाला आले होते. “काय बे मास्तर, अंगानं भरला तू,” म्हणाले आणि हसले, तसेच. आता एका खाजगी शाळेत तात्पुरते लागले होते. चहा पाजला मला. पैसे मला देऊ दिले नाहीत. माझी नजर त्यांच्याकडे ठरत नव्हती. मग चहाची कपबशी खाली ठेवत ते म्हणाले, “तुही पुस्तिका वाचली म्या. जिनिंगवर एकाजवळ होती.”

मला वाटलं, झालं. आता येईल. नाव, माय, नोकरी, सगळं. यावं असं वाटलं. खरंच वाटलं. कॉलर धरून विचारलं असतं तर मी तिथेच सगळं ओकलो असतो.

त्यांनी नाव विचारलं नाही. मायचंही नाही. म्हणाले, “चवथं पान नाही टाकलं तुमी?”

एवढंच. त्यांना तेवढंच लागलं होतं.

आणि मी — सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण समोर, गाडीला अजून वेळ, आसपास ओळखीचं कुणी नाही, कुणी मला कुठे परत पाठवणार नाही — मी म्हणालो, “छापखान्यात राहिलं, गुरुजी. त्यांनी गाळलं.”

“असन,” ते म्हणाले. मग माझी बस लागली. त्यांनी माझी पिशवी वर दिली.

त्या पहिल्या वेळी मला भीती होती. लोणारला कसली होती? कसलीच नव्हती. सवय होती. हे मी कमी करून सांगत नाही आणि वाढवूनही नाही.

आता पुस्तिका पुन्हा छापायची आहे. काही सुधारणा असतील तर करून दे, असं फादर बर्नार्डांचं पत्र आलंय. ते आता थकलेत. इंगळे गुरुजी अजून जळगाव जामोदकडेच आहेत, मी चौकशी केली आहे. वहिनीही आहेत. मी त्यांचं देणं फेडीन. फादरांपुढे जाऊन सांगेन कुणी लिहिलं आणि त्या दुपारी मी काय दडवलं, मग गुरुजींच्या दारात जाईन आणि त्यांनाही सांगेन, वहिनींच्या समोर. कधी, ते लिहीत नाही. मनाशी धरलेल्या तारखा मी आजवर पाळलेल्या नाहीत. पण फेडीन.